पेटंट विद्यापीठाचे, निर्णय कोणाचा? येल, स्टॅव्ह्युडिन आणि दक्षिण आफ्रिका : एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची व्याप्ती

एड्सवरील एका औषधाचे पेटंट विद्यापीठाच्या नावावर आहे, ते बनवून विकण्याचा हक्क विद्यापीठाने एका कंपनीला देऊन टाकला आहे, आणि ज्या देशात त्याची गरज सर्वांत तीव्र आहे तेथील रुग्णांना कंपनीची किंमत परवडण्यासारखी नाही. अशा स्थितीत एका वैद्यकीय संस्थेने थेट विद्यापीठालाच पत्र लिहून विचारले की, आम्ही स्वस्त जेनेरिक औषध आणले तर तुमची हरकत आहे का? अमेरिकेतील येल विद्यापीठासमोर हा प्रश्न फेब्रुवारी २००१ मध्ये आला आणि महिनाभरात त्याचे उत्तर पूर्णपणे पालटले. जागतिक आरोग्यातील विद्यापीठाचा वाटा बहुधा प्रयोगशाळेतील शोधांवरून आणि परदेशी पाठवलेल्या पथकांवरून मोजला जातो. या प्रकरणात तो वाटा परवान्याच्या करारातील अटींवर अडला होता आणि विद्यापीठाच्या आवारातीलच माणसांनी तो मोकळा केला, म्हणून ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

घटना सार्वजनिक नोंदींतील असल्याने संस्थांची नावे दिली आहेत. मूळ संशोधकांचा अपवाद सोडल्यास व्यक्तींचा उल्लेख मात्र त्यांच्या भूमिकेपुरताच ठेवला आहे, कारण येथे लक्ष कोण चुकले याकडे नसून निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या चौकटीत घेतले गेले याकडे आहे.

पार्श्वभूमी : औषधाचा प्रवास

स्टॅव्ह्युडिन हा रेणू १९६० च्या दशकात कर्करोगावरील औषधांच्या शोधात प्रथम तयार करण्यात आला, त्या कामी उपयोगी न ठरल्यामुळे बाजूला पडला आणि जवळपास वीस वर्षे विस्मरणात राहिला. १९८० च्या दशकाच्या मध्यात येलच्या वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ विल्यम प्रुसॉफ आणि त्यांचे सहकारी ताइ-शुन लिन यांनी तो एचआयव्हीविरुद्ध प्रभावी असल्याचे दाखवून दिले. हा विषाणू स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. त्या साखळीत खऱ्या घटकाच्या जागी स्टॅव्ह्युडिनचा रेणू शिरला की पुढचा दुवा जोडता येत नाही आणि साखळी तेथेच थांबते. रेणू जुना असल्याने येलला पेटंट मिळाले ते त्याच्या एचआयव्हीवरील उपयोगाचे. ज्या देशांत त्याची नोंद झाली त्यांत दक्षिण आफ्रिकाही होती.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली होती आणि विद्यापीठांमधून शोधांचे परवाने देणारी कार्यालये त्यानंतर वेगाने वाढली. त्याच रिवाजाला धरून येलने १९८८ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला अनन्य परवाना, म्हणजे इतर कोणालाही न मिळणारा हक्क, दिला. रुग्णांवरील चाचण्या, उत्पादन आणि नियामक मान्यता यांचा खर्च कंपनीने उचलला, जून १९९४ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली आणि ते झेरिट या नावाने बाजारात आले. येथवरच्या कहाणीत कोणालाही दोष देण्यासारखे काही नाही. विद्यापीठाकडे औषधनिर्मितीचा कारखाना नसतो, चाचण्यांचा खर्च पेलण्याची ऐपत नसते, आणि परवाना दिला नसता तर हा शोध कदाचित एखाद्या नियतकालिकातील लेखापुरताच उरला असता.

पैसा मात्र अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आला. १९९९ या एका वर्षात या औषधाच्या रॉयल्टीतून येलला सुमारे ४ कोटी डॉलर मिळाले. विद्यापीठाच्या परवान्यांतील एकूण उत्पन्नाचा हा बहुतांश भाग होता. २००० मध्ये येलने भविष्यातील रॉयल्टीचा मोठा हिस्सा गुंतवणूकदारांच्या एका न्यासाला विकून सुमारे १० कोटी डॉलर एकरकमी उभे केले आणि त्या पैशाचा उपयोग वैद्यकीय संशोधनाची नवी इमारत बांधण्याच्या कामी केला. प्रकरणाची चर्चा करताना हा व्यवहार सहसा तळटिपेत जातो. माझ्या मते त्याची जागा मुख्य मजकुरात आहे, कारण त्या दिवसापासून औषधाच्या किमतीत विद्यापीठ आणि कंपनी यांच्याबरोबरच तिसऱ्या पक्षाचेही हितसंबंध गुंतले.

पार्श्वभूमी : दक्षिण आफ्रिका

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार १९९९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४२ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. श्रीमंत देशांत तीन औषधांच्या एकत्रित उपचारामुळे १९९६ नंतर एड्सचे मृत्यू झपाट्याने कमी झाले होते, पण त्या उपचाराचा खर्च दरडोई वर्षाला १० हजार डॉलर किंवा त्याहून अधिक होता. स्वस्त औषधांची आयात सुलभ करणारा कायदा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९९७ मध्ये केला, तेव्हा औषध कंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सुनावणी ५ मार्च २००१ रोजी प्रिटोरियात सुरू झाली त्या वेळी ३९ कंपन्या सरकारविरुद्ध उभ्या होत्या. दुसरीकडे खुद्द राष्ट्राध्यक्षच एचआयव्ही आणि एड्स यांच्या संबंधावर शंका घेत होते. म्हणजे पेटंटची अडचण खरी होती, पण ती एकमेव नव्हती. परिणामांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

फेब्रुवारी २००१ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला दरडोई ३५० डॉलरला देऊ केला. भारतात १९७० च्या पेटंट कायद्यानुसार त्या काळी औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, केवळ बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. म्हणून तेथे हे उत्पादन कायदेशीर होते. दक्षिण आफ्रिकेत ते आणायचे तर तेथील पेटंट आडवे येत होते, आणि तीनपैकी एका औषधाच्या पेटंटवर नाव होते एका विद्यापीठाचे.

त्याच विद्यापीठाचे स्वतःच्या शहरातील काम

येल ज्या न्यू हेवन शहरात आहे तेथे याच विषाणूवर याच विद्यापीठाने दहा वर्षे आधी अगदी वेगळ्या पद्धतीने काम केले होते. शहरातील एड्सच्या प्रसारात अमली पदार्थ टोचून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक सुयांचा वाटा मोठा होता. कनेटिकट राज्यात तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज मिळत नसे आणि ती जवळ बाळगणे गुन्हा होता. राज्याच्या विधिमंडळाने १९९० मध्ये न्यू हेवनपुरती प्रायोगिक परवानगी दिली. त्यानुसार शहराच्या आरोग्य विभागाने नोव्हेंबरपासून एक गाडी वस्त्यांमध्ये फिरवून वापरलेली सुई घेऊन नवी सुई देण्यास सुरुवात केली आणि मूल्यमापनाचे काम येलच्या संशोधकांकडे आले.

मूल्यमापनाची पद्धत विलक्षण होती. बेकायदा व्यसन करणाऱ्या माणसांना त्यांच्या वागणुकीविषयी विचारून मिळणारी उत्तरे कितपत खरी मानायची, हा प्रश्न असल्याने संशोधकांनी माणसांऐवजी सुयांनाच बोलते केले. प्रत्येक सिरिंजवर क्रमांक घातला गेला, ती कधी आणि कोठे दिली व परत आली याची नोंद झाली आणि परत आलेल्या सिरिंजांच्या नमुन्यांत विषाणूचा अंश तपासण्यात आला. कार्यक्रमाच्या आरंभी सुमारे दोन तृतीयांश सुयांमध्ये तो आढळत होता. काही महिन्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आले. सुई जितका कमी काळ फिरते तितकी तिला दूषित होण्याची संधी कमी, या साध्या विचारावर उभारलेल्या गणिती प्रारूपावरून कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांमधील नवी लागण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचा अंदाज काढण्यात आला. १९९२ मध्ये कनेटिकटने चिठ्ठीशिवाय सिरिंज विकण्यास मुभा दिली आणि १९९३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सुयांच्या अदलाबदलीवरील अहवालात न्यू हेवनच्या प्रारूपावर विश्वास दर्शवला.

या कामावर कोणाची मालकी नव्हती. कोणत्याही शहराने ती पद्धत उचलावी आणि आपल्या वस्तीत राबवावी, त्यासाठी येलची परवानगी मागण्याचे कारण नव्हते. शेजारच्या वस्तीसाठी सिद्ध केलेले ज्ञान जगाला आपोआप मिळाले आणि जगासाठी शोधलेले औषध मात्र करारात बांधले गेले, हा विरोधाभास २००१ च्या प्रकरणात सतत मागे उभा आहे. ज्या आवारात पुढे विद्यार्थ्यांचा रेटा उभा राहिला, त्या आवाराला एचआयव्ही हा केवळ दूरच्या खंडाचा प्रश्न नाही हे आधीपासून माहीत होते.

समस्या

डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या दक्षिण आफ्रिकेतील शाखेने केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वसाहतीत २००० मध्ये एचआयव्हीग्रस्तांसाठी दवाखाने सुरू केले होते. या शाखेने १४ फेब्रुवारी २००१ रोजी येलला पत्र लिहून विचारले की, गरिबांना मोफत देण्यासाठी जेनेरिक स्टॅव्ह्युडिन आयात केले तर विद्यापीठ तो पेटंटभंग मानेल का, आणि त्यासाठी ऐच्छिक परवाना देईल का.

परवान्यांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की पेटंट येलचे असले तरी अनन्य परवाना कंपनीकडे आहे, म्हणून या विनंतीवर उत्तर देण्याचा अधिकारही कंपनीचाच आहे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर समर्थनीय होते. अडचण एवढीच की विचारणाऱ्याने कायद्याचा अर्थ विचारला नव्हता, त्याने विद्यापीठाची भूमिका विचारली होती. आपले संशोधन लोकहितासाठी आहे असे म्हणणाऱ्या संस्थेला, त्या हिताचा प्रश्न प्रत्यक्ष दारात आला तेव्हा, निर्णय आमच्या हातात नाही असे सांगावे लागले. ते खरे असेल, तर तो हात सोडवून घेण्याची वेळ १९८८ मध्ये निघून गेली होती.

पुढे असलेले पर्याय

विद्यापीठापुढे कागदावर अनेक वाटा होत्या, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

पहिली वाट गप्प राहण्याची, म्हणजे दिलेल्या उत्तरावर ठाम राहण्याची होती. तिच्यात कराराचा धोका शून्य होता आणि उद्योगजगताला येलशी व्यवहार करणे सुरक्षित आहे हा संदेश जात होता. दुसरी वाट एकतर्फी घोषणेची होती : दक्षिण आफ्रिकेत आम्ही पेटंटचा हक्क बजावणार नाही, असे जाहीर करायचे. ऐकायला ही सर्वांत सरळ वाट असली, तरी अनन्य परवाना दिल्यावर मालकाने परवानाधारकाच्या बाजारपेठेत परस्पर इतरांना मोकळीक दिली तर तो करारभंगाच्या दाव्याला निमंत्रण देतो. शिवाय ज्यांनी भविष्यातील रॉयल्टी विकत घेतली होती त्यांचाही प्रश्न होता.

तिसरी वाट कंपनीशी बोलून तिच्या संमतीने अट बदलण्याची होती. चौथी, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने सक्तीचा परवाना काढावा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय इतर उत्पादकांना परवानगी द्यावी, आणि विद्यापीठाने त्याला विरोध करू नये अशी; परंतु ते सरकार त्याच वेळी ३९ कंपन्यांशी न्यायालयात झगडत होते आणि स्वतःच्या देशात या औषधांचा सरकारी कार्यक्रम सुरू करण्यासही तयार नव्हते. रॉयल्टीचा काही भाग आफ्रिकेतील उपचारांसाठी दान करण्याची कल्पना पाचवी म्हणता येईल. ती सोयीची होती, पण किमतीचा प्रश्न तिने जागच्या जागी ठेवला असता.

या सगळ्यांवर ज्या दोन भीतींचे सावट होते त्यांची छाननी करायला हवी. एक, उत्पन्न बुडेल. परंतु जगातील औषधविक्रीत आफ्रिकेचा वाटा नगण्य होता आणि दक्षिण आफ्रिकेतील ज्या रुग्णांबद्दल प्रश्न होता ते झेरिटचे ग्राहक कधीच नव्हते. न होणारी विक्री बुडण्याचा प्रश्नच येत नाही. दोन, उदाहरण पडेल, म्हणजे स्वस्त औषध श्रीमंत देशांत परत येईल किंवा तेथील लोक विचारू लागतील की आम्हाला एवढे महाग का. ही भीती मात्र खरी होती आणि कंपन्यांचा विरोध प्रामुख्याने तिच्यातूनच येत होता. विद्यापीठाचे हित यांपैकी कशात गुंतले होते, याचा वेगळा हिशेब मांडला असता तर दुसऱ्या भीतीतील बराचसा भाग आपला नाही, हे लगेच दिसले असते.

प्रत्यक्ष घडलेल्या कृती

हालचाल विद्यापीठाच्या प्रशासकीय कार्यालयातून सुरू झाली नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आरोग्यहक्कासाठी काम करणाऱ्यांशी संपर्क साधून हा विषय आवारात आणला. विद्यार्थी, संशोधक आणि कर्मचारी यांच्या सुमारे ६०० सह्यांचे निवेदन तयार झाले आणि विद्यापीठाच्या दैनिकातून बातम्या येऊ लागल्या. याच सुमारास प्रुसॉफ यांची भूमिका समोर आली. तेव्हा त्यांचे वय ८० होते; रॉयल्टीत संशोधकाचा वाटा असतो, म्हणजे किंमत टिकण्यात त्यांचाही लाभ होता. तरीही हे औषध आफ्रिकेतील रुग्णांपर्यंत स्वस्तात किंवा विनामूल्य पोहोचावे, असे त्यांनी उघडपणे सांगितले आणि पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेही.

संशोधकाच्या या शब्दाचे वजन निवेदनातील सह्यांपेक्षा जास्त ठरले असावे, असे मला वाटते. विद्यार्थ्यांना कराराची समज नाही असे म्हणून बाजूला सारता येते. ज्याच्या नावावर शोध आहे त्याला तसे सारता येत नाही. शिवाय ज्या वैद्यकीय महाविद्यालयाची नवी इमारत याच औषधाच्या पैशातून उभी राहत होती, त्याच महाविद्यालयातून हा आवाज आला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांत पोहोचली. प्रिटोरियातील खटला तेव्हा नुकताच सुरू झाला होता आणि औषध कंपन्यांची प्रतिमा जगभर ढासळत होती. येलचे अधिकारी दरम्यान कंपनीशी बोलत होतेच. १४ मार्च २००१ रोजी, म्हणजे पहिल्या पत्रानंतर बरोबर चार आठवड्यांनी, ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेत एड्सच्या उपचारासाठी स्टॅव्ह्युडिनच्या पेटंटचा हक्क मोबदल्याशिवाय मोकळा केला जाईल आणि आफ्रिकेत कंपनी स्वतःचे औषधही दिवसाला १५ सेंट या दराने, म्हणजे वर्षाला सुमारे ५५ डॉलरला, देईल. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील ॲस्पेन फार्माकेअर या कंपनीला जेनेरिक औषध बनवू देणारा करार झाला. १९ एप्रिल रोजी ३९ कंपन्यांनी आपला खटलाही मागे घेतला. त्यामागे जागतिक जनमताचा मोठा दबाव होता, आणि येलचा निर्णय त्या दबावातील एक धागा होता, यापलीकडे श्रेय देणे अतिशयोक्ती ठरेल.

परिणाम

किंमत तत्काळ कोसळली, परंतु औषध तत्काळ पोहोचले नाही. ॲस्पेनचे जेनेरिक स्टॅव्ह्युडिन बाजारात आले ते ऑगस्ट २००३ मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने देशव्यापी उपचाराची योजना नोव्हेंबर २००३ मध्ये मंजूर केली आणि ती प्रत्यक्ष सुरू होण्यास २००४ उजाडले. मधल्या काळात खायेलित्शातील दवाखान्यांनी मे २००१ पासून उपचार सुरू करून वस्तीपातळीवरही ही औषधे नीट देता येतात हे दाखवले. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण केपटाऊन विद्यापीठाच्या साथरोगतज्ज्ञांनी केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाने वाट अडवणारी अट काढली आणि दुसऱ्याने, आपल्याच शहराच्या कडेच्या वसाहतीत, त्या वाटेवरून चालता येते याचा पुरावा तयार केला. जागतिक चर्चेत पहिल्याचे नाव जास्त घेतले जाते, हे योग्य प्रमाणात आहे असे मला वाटत नाही.

सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रौढांच्या पहिल्या उपचारपद्धतीत स्टॅव्ह्युडिन होते आणि लाखो रुग्णांना ते मिळाले. पण कहाणीचा हा भाग निखळ यशाचा नाही. दीर्घकाळ घेतल्यास या औषधाने हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, चेहऱ्यावरील व हातापायांवरील चरबी झडते आणि काही रुग्णांच्या रक्तात दुग्धाम्ल जिवावर बेतेल इतके वाढते. श्रीमंत देशांनी या कारणांसाठी ते लवकर बाजूला केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मात्रा कमी करण्यास आणि २००९ मध्ये औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले; दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये नव्या रुग्णांसाठी टेनोफोविर या दुसऱ्या औषधाकडे वळण घेतले. ज्या काळात पर्याय महाग होते त्या काळात या औषधाने असंख्य जीव वाचवले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की गरीब देशांतील रुग्णांनी त्याची शारीरिक किंमत श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक काळ मोजली.

येलमधील विद्यार्थ्यांच्या मोहिमेतून पुढे अत्यावश्यक औषधांसाठी काम करणारी आंतरविद्यापीठीय विद्यार्थी संघटना उभी राहिली. २००७ मध्ये अमेरिकेतील आघाडीच्या विद्यापीठांनी परवाने देताना विचारात घ्यायचे नऊ मुद्दे प्रसिद्ध केले आणि त्यांत विकसनशील देशांच्या आरोग्यगरजांसाठी तरतूद ठेवण्याचा मुद्दा आला. २००९ मध्ये येल, हार्वर्ड आणि इतर काही विद्यापीठांनी वैद्यकीय तंत्रज्ञानाच्या न्याय्य प्रसाराची तत्त्वे जाहीर केली. हे दस्तऐवज बंधनकारक नाहीत. तरीही नव्या परवान्याचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मानवतावादी वापराचे कलम मागताना आता आधार दाखवता येतो. १९८८ मध्ये तसा आधार नव्हता.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९८८ चा. अनन्य परवाना देताना काही मोजके हक्क विद्यापीठाकडे राखून ठेवता येतात : गरीब देशांत पेटंटच न नोंदवणे, नोंदवलेच तर तेथे इतर उत्पादकांना परवाना देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणे, किंवा ठरावीक मुदतीत परवडणाऱ्या किमतीत औषध उपलब्ध न झाल्यास त्या प्रदेशापुरता परवाना आपोआप अनन्य न राहणे. कंपनीला मुख्यतः अमेरिका, युरोप आणि जपान या बाजारपेठा हव्या असतात. उरलेल्या जगासाठीची सवलत वाटाघाटीच्या त्या टप्प्यावर स्वस्तात मिळते. औषध यशस्वी झाल्यावर तीच सवलत मागणे म्हणजे पीक उभे राहिल्यावर खंडाची बोलणी नव्याने काढण्यासारखे आहे. १९८८ मध्ये हे कोणाला सुचायला हवे होते, अशी अपेक्षा आजच्या ज्ञानावरून करणे काहीसे अन्यायाचे आहे. मात्र २००० मध्ये रॉयल्टी विकताना ती सबब उरली नव्हती, कारण दक्षिण आफ्रिकेतील खटला तोवर दोन वर्षे जुना झाला होता आणि औषधांच्या किमतींचा वाद जगभर गाजत होता. त्या विक्रीच्या करारात गरीब देशांतील सवलतींचा अधिकार वेगळा काढून ठेवणे अवघड नव्हते.

पहिल्या पत्राच्या उत्तराबाबत दोष मजकुरापेक्षा रचनेत दिसतो. परवाना कार्यालयाचे काम करार सांभाळण्याचे आहे आणि त्याने तेच केले. औषधाच्या उपलब्धतेविषयीची विनंती याच कार्यालयात संपते, ती वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य विभागांकडे किंवा विद्यापीठाच्या नेतृत्वाकडे जात नाही, ही व्यवस्थेतील उणीव होती. आम्ही कंपनीशी बोलत आहोत आणि अमुक दिवसांत कळवू, एवढे उत्तर कराराला धक्का न लावता देता आले असते. प्रुसॉफ यांना काय वाटते हे विद्यापीठाने स्वतः विचारले असते, तर ते त्याला वृत्तपत्रातून वाचावे लागले नसते.

सवलतीच्या स्वरूपावरही विचार व्हायला हवा. पेटंटची मोकळीक दक्षिण आफ्रिकेपुरती होती आणि ती एका प्रसंगाला दिलेले उत्तर होती. शेजारच्या देशातील एखाद्या दवाखान्याने तीच विनंती केली असती तर त्याला पुन्हा पत्रापासून सुरुवात करावी लागली असती. दबावाखाली घेतलेले निर्णय त्या दबावाच्या आकाराचे होतात. कराराच्या मूळ मजकुरातच दुरुस्ती करून गरीब देशांची यादी जोडली असती तर वेळ अधिक लागला असता, पण प्रश्न एकदाच सुटला असता. त्या मार्चमध्ये वेगाला प्राधान्य देणे मला योग्य वाटते. वर्षभरानंतर, बातमी थंड झाल्यावर, उरलेले काम हाती घेण्याची जबाबदारी मात्र कोणाकडे तरी नेमून द्यायला हवी होती.

शेवटचा टप्पा असा की ज्यावर निर्णय घेतलाच गेला नाही. न्यू हेवनच्या सुयांच्या कार्यक्रमाला परवानगी देतानाच मूल्यमापन त्याच्या जोडीला बांधलेले होते. म्हणून काही महिन्यांतच तो उपयोगी आहे की नाही हे कळू शकले. स्टॅव्ह्युडिनची मोकळीक देताना मात्र औषध किती रुग्णांपर्यंत गेले, त्यांच्यावर काय दुष्परिणाम झाले आणि ते कधी थांबवावे, याची पाहणी करण्याची तरतूद कोणत्याही पक्षाने मागितली नाही. ती पाहणी पुढे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर आणि संशोधक यांनी आपापल्या दवाखान्यांत केली. रॉयल्टीच्या एका छोट्या हिश्शातून २००१ मध्येच येल आणि केपटाऊन यांची संयुक्त नोंदवही सुरू करता आली असती, तिच्यात मज्जातंतूंच्या तक्रारी आणि रक्तातील आम्लाची वाढ पहिल्या दिवसापासून लिहिली गेली असती, आणि मात्रा कमी करण्याचा निर्णय २००७ पर्यंत लांबण्याचे एक कारण तरी कमी झाले असते.